मेसेज पाठवला म्हणजे पोचला असं नाही

हवामानाचा इशारा आला की आम्ही लगेच ग्रुपवर टाकतो. पण खोल दर्यात असलेल्या तांडेलाला वेगळा पाठवला तर एकच टिक दिसते. म्हणजे मेसेज सर्व्हरवर पोचला, तांडेलाच्या मोबाईलवर नाही. होडी रेंजमध्ये परतली की मिळेल, पण तोवर वादळ येऊन गेलेलं असेल.

2017 च्या ओखी वादळात केरळ, तमिळनाडूच्या कितीतरी होड्या इशारा निघण्याआधीच लांब गेल्या होत्या. त्यांना कळवणार कसं?

टॉवर किनाऱ्यावर, होड्या विखुरलेल्या आणि सारख्या हलत्या. व्हीएचएफ साधारण नजरेच्या टप्प्यातच चालतो, अँटेना जितका उंच तितका पल्ला. त्यामुळे लांबचा निरोप होडीकडून होडीकडेच न्यावा लागतो.

हीच युक्ती 2004 मध्ये केनियात वापरली. अमेरिकेच्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेब्र्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले. जंगलात टॉवर नव्हता. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे एकमेकांना माहिती देत. मग कुठलाही एक झेब्रा संशोधकांजवळ आला तरी बाकीच्यांचीही माहिती मिळे.

यातून आपण तीन गोष्टी घ्यायच्या:

1. एकाच होडीवर भरवसा नको. निरोप दोन-तीन होड्यांना द्या.
2. निरोप मिळाला की विसरू नका. पुढची होडी टप्प्यात आली की तिला सांगा.
3. पोच घ्या. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा. पोच नाही तर निरोप पोचला नाही असंच धरा आणि पुन्हा पाठवा.

पोचेचं महत्त्व इस्रोच्या यंत्रातही दिसतं. 2010 पासून वापरात असलेलं डॅट यंत्र संकटाचा निरोप उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतं, पण तो पोचला की नाही ते होडीवर कळत नसे. 2024 मध्ये आलेल्या नव्या डॅटवर पोच परत येते. आपला निरोप पोचलाय, मदत निघतेय, हे कळलं की खलाशांना धीर येतो.

व्हीएचएफवर निरोप देताना होडीचं नाव, जागा आणि वेळ आधी सांगा. चॅनल 16 कायम चालू ठेवा, पण त्यावर गप्पा नकोत, तो संकटासाठी आहे. घरच्यांनी तटरक्षक दलाचा 1554 नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवावा.

1 ऑगस्टला होडी काढण्याआधी सेट, बॅटरी, अँटेना तपासा. शेजारच्या होडीला एकदा हाक मारून पोच घेऊन बघा.