सशाची वाकडी मान

रात्री कोथिंबिरीच्या काडीसाठी पायांत घोटाळणारा ससा सकाळी मान एका बाजूला टाकून बसलेला दिसतो. एक डोळा छताकडे, दुसरा जमिनीकडे. उठायला जातो आणि कुशीवर लोळतो, मग पुन्हा लोळतो. जवळ जाऊन पाहिलं तर त्याची बुबुळं हळूच एका बाजूला सरकतात, झटक्यात मागे येतात, की पुन्हा सरकू लागतात. घरच्यांना वाटतं, अर्धांगवायूचा झटका आला, आता काही खरं नाही. डॉक्टर तपासतात, कानात पाहतात, रक्त घेतात आणि एक लांबलचक नाव सांगतात: एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली.

आजार गंभीर आहे, यात शंका नाही. पण या नावामागे काय दडलं आहे ते कळलं, की भीतीच्या जागी आधी आश्चर्य येतं आणि मग काय करायचं तेही सुचू लागतं.

हा जीव पहिल्यांदा लक्षात आला तो १९२२ साली, अमेरिकेत. राइट आणि क्रेगहेड हे दोन संशोधक कोवळ्या वयाच्या सशांच्या पायांतली ताकद का जाते याचा शोध घेत होते. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेव्हादिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नामकरण केलं. तो ना विषाणू, ना जिवाणू. आज त्याची गणना बुरशीच्या नात्यागोत्यात होते. त्याचा बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा असतो आणि त्याच्या आत एक नळी वेटोळं घालून बसलेली असते. योग्य जागा मिळाली की बीजाणूत दाब वाढतो आणि मोज्याची आतली बाजू बाहेर काढावी तशी ती नळी उलटत, बीजाणूच्या लांबीच्या कितीतरी पट दूर झेपावते. सशाच्या पेशीत ती घुसली की बीजाणूतला सगळा ऐवज तिच्यातून थेट आत ओतला जातो. हे सारं एक-दोन सेकंदांत आटोपतं.

२००१ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा जीवशास्त्रज्ञ चकित झाले. माणसाचा जनुकसंच सुमारे ३ अब्ज अक्षरांचा. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या साध्या जिवाणूचाही ४६ लाखांच्या आसपास. आणि पेशीत केंद्रक बाळगणाऱ्या या परजीवीचा अवघा २९ लाखांचा, जनुकं जेमतेम दोन हजार. जे जे दुसऱ्याकडून मिळतं ते ते त्यानं टाकून दिलं आहे. ऊर्जासुद्धा तो सशाच्या पेशीतूनच उचलतो.

सशाच्या लघवीतून हे बीजाणू बाहेर पडतात आणि दूषित गवत किंवा पाणी यांतून दुसऱ्या सशाच्या पोटात जातात. आईकडून गर्भातल्या पिल्लालाही लागण होते. मूत्रपिंड, मेंदू आणि डोळा ही त्यांची आवडती ठिकाणं. तरीही लागण झालेले बरेच ससे आयुष्यभर ठणठणीत राहतात, कारण त्यांची प्रतिकारशक्ती या पाहुण्याला काबूत ठेवते.

म्हणूनच निदान करणं अवघड जातं. रक्तात प्रतिपिंडं सापडली तर या जीवाशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच सिद्ध होतं. आजचं दुखणं त्यामुळेच आहे, हे त्यावरून ठरत नाही. प्रतिपिंडं मुळीच नसतील, तर मात्र संशय बराच मावळतो. मधल्या किंवा आतल्या कानात पू झाला तरी मान अशीच वाकडी होते, आणि लोंबत्या कानांच्या जातींत कानाचे आजार जास्त आढळतात. म्हणून चांगले डॉक्टर कान तपासतात, गरज पडली तर कवटीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायला सांगतात. ‘नक्की हेच आहे’ असं ते ठामपणे म्हणाले नाहीत, तर तो त्यांचा प्रामाणिकपणा समजावा.

आता मान का वाकडी होते ते पाहू. प्रत्येक आतल्या कानात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं स्थिर असतानाही दोन्ही बाजू मेंदूला सतत संदेश पाठवत राहतात आणि ते समसमान असतात. डोकं वळलं की एका बाजूचा संदेश वाढतो, दुसरीचा घटतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळतं. हे संदेश वाहणाऱ्या किंवा वाचणाऱ्या भागाला सूज आली की डोकं स्थिर असतानाही फरक राहतो. ससा जागच्या जागी बसलेला असतो, पण त्याच्या मेंदूपुरतं सगळं जग गरगरत असतं. बुबुळं त्या नसलेल्या फिरण्याचा पाठलाग करतात आणि अंग तोल सावरायला धडपडतं. लोळणं हा त्या धडपडीचाच परिणाम.

आणि इथेच या कहाणीतली सगळ्यांत मोठी नवलाई आहे. मेंदू हा बिघाड जसाच्या तसा सोसत बसत नाही. दोन बाजूंचा हिशेब तो नव्यानं जुळवतो, डोळ्यांकडून आणि पायांच्या सांध्यांकडून येणाऱ्या संदेशांवर अधिक भर द्यायला शिकतो. याला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. काही सशांची मान सरळ होते, काहींची थोडी तिरकी राहते. त्या तिरक्या मानेनंच ते धावतात, खातात आणि जोडीदाराचं अंग चाटतात.

हा वेळ मेंदूला मिळवून देणं हे घरच्यांचं काम. फेनबेंडाझोल हे जंतनाशक साधारणपणे २८ दिवस देतात. क्वचित त्याचा अस्थिमज्जेवर दुष्परिणाम होतो, तेव्हा मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. चक्कर आणि मळमळ कमी करणारी औषधंही असतात. बाकी सारं आपल्या हातात. लोळताना इजा होऊ नये म्हणून पिंजऱ्यात मऊ अंथरूण घालावं, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या टेकवाव्यात. खालच्या बाजूचा डोळा अंथरुणावर घासतो, तो स्वच्छ आणि ओला ठेवावा. ससा आपली मऊ, पौष्टिक लेंडी थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. तोल गेलेल्याला तिथवर पोहोचता येत नाही, म्हणून मागची बाजू रोज तपासून पुसावी.

सगळ्यांत महत्त्वाचं खाणं. सशाचं आतडं तंतुमय चाऱ्यावर अखंड चालतं. अर्धा दिवस काही पोटात गेलं नाही तर ते मंदावतं आणि यकृतावरही संकट येतं, म्हणून ही तातडीची बाब आहे. गवत आणि पाणी तोंडाशी ठेवावं. तो स्वतः खात नसेल तर डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे चाऱ्याची पातळ पेस्ट सिरिंजनं भरवावी. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून सिरिंज बाजूनं आत घालावी, थोडंसं द्यावं, गिळू द्यावं, मग पुढचा घास.

ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवण्यात पटाईत. पण चेहरा थोडंफार सांगतोच. २०१२ साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचं मापन तयार केलं. त्यात पाच खुणा पाहतात: आकसलेले डोळे, चपटे गाल, बदललेली नाकपुडी, ताठ मिशा आणि आवळून मागे गेलेले कान. रोज ठरावीक वेळी या खुणा, लेंड्यांची संख्या आणि वजन वहीत टिपून ठेवावं. आठवड्याभराची पानं समोर असली की डॉक्टरांनाही पुढचं ठरवणं सोपं जातं.

सगळे ससे सावरत नाहीत. औषधं आणि सेवा करूनही तो खात नसेल, लोळणं थांबत नसेल, खुणा वेदना सांगत असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं शांतपणे निरोप द्यावा. तोही प्रेमाचाच निर्णय आहे. मात्र तो आजाराच्या पहिल्या दिवशी, केवळ वाकडी मान पाहून घेऊ नये.

घरात प्रतिकारशक्ती खालावलेलं कुणी असेल तर सशाची लघवी आणि पिंजरा दुसऱ्यानं साफ करावा, कारण हा जीव क्वचित अशा माणसांना बाधतो. घरात दुसरा ससा असेल तर त्याची तपासणी करून घ्यावी, पण डॉक्टर सांगत नाहीत तोवर जोडी तोडू नये. आणि सशांचा अनुभव असलेले डॉक्टर आपल्या शहरात कोण आहेत, हे आजच शोधून त्यांचा नंबर लिहून ठेवा. ससा आजारी पडतो तेव्हा शोधाशोध करायला वेळ उरत नाही.