स्वच्छ धुराड्याचा हिशेब

सुरतहून भुसावळकडे निघालेली पॅसेंजर उधना, नियोल मागं टाकते आणि चलथाण यायच्या आधीच खिडकीतून धुराडी दिसू लागतात. पलसाणा तालुक्याचा हा पट्टा डाइंग मिलींचा आहे. जोडीला सहकारी साखर कारखाना. हंगामात ऊस, बारमाही पॉलिएस्टर. इथं वाफेशिवाय कुणाचंच पान हलत नाही.

लक्ष वेधलं ते एकाच रस्त्यावरच्या दोन धुराड्यांनी. एकातून काळा धूर भसाभसा निघत होता, दुसऱ्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती. काळ्या धुराचा मालक बेफिकीर आणि स्वच्छ धुराड्याचा शहाणा, असा निकाल बघायला आलेल्या पाहुण्यानं फाटकाबाहेरच लावून टाकला. तो निकाल काळ्या धुराड्याखालच्या बॉयलरखोलीत अर्धा तासही टिकला नाही.

खोली कसली, पत्र्याची शेडच. एका बाजूला वेड्या बाभळीचा ढीग. गुजरातीत हिला गांडो बावळ म्हणतात. दुसऱ्या बाजूला ‘व्हाइट कोल’च्या गोण्या, म्हणजे भुसा आणि शेंगांची टरफलं दाबून केलेल्या कांड्या. नाव पांढरा कोळसा, रंग खाकी. ओल्या बाभळीला भट्टीजवळ एक आंबूस, तुरट वास येतो. तो कपड्यांत बसतो आणि परतीच्या गाडीतही शेजारच्याला कळतो.

फायरमन धुळे जिल्ह्यातला, साठीकडे झुकलेला. खोलीत सगळे त्याला अप्पा म्हणतात. हाताखालच्या पोरांशी अहिराणी, ठेकेदाराशी गुजराती आणि पाहुण्याशी जपून पुस्तकी मराठी. काळ्या धुराचं विचारल्यावर मात्र पुस्तकी मराठी सुटली. “वारा कमी शे, भाऊ.” मग ढिगातला एक ओंडका उचलून त्यानं पाहुण्याच्या हातात दिला. अपेक्षेपेक्षा दुप्पट जड. “हाई लाकूड नही, पाणी शे. शंभर किलोमां पन्नास लिटर.”

पन्नास लिटर हा आकडा त्या दुपारी अप्पानं निदान पाच वेळा काढला. त्यात अतिशयोक्ती नाही. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते पन्नास लिटर तापवून वाफ करून धुराड्यातून सोडायला तीस हजार किलोकॅलरी लागतात. उरलेल्या पन्नास किलो कोरड्या लाकडाच्या उष्णतेचा हा जवळजवळ सातवा हिस्सा. शिवाय पाण्यानं भट्टी थंड पडते, ते नुकसान वेगळं.

भट्टी थंड पडली की काय बिघडतं, हे समजायला लाकूड जळतं कसं ते पाहावं लागतं. कोरड्या लाकडाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग तापल्यावर वायू होऊन उठतो. जाळीवर निखारा म्हणून उरतो तो थोडाच. आपण ज्याला ज्वाळ म्हणतो ती या वायूची. म्हणून हवा दोन ठिकाणी लागते: निखाऱ्याला जाळीखालून आणि वायूला वरून, ज्वाळेच्या अंगात जोरानं घुसणारी. खालचाच पंखा वाढवला तर ठिणग्या आणि राख उडून नळ्यांत जाते आणि वायू मात्र अर्धा कच्चा निसटतो. तोच काळा धूर, तोच नळ्यांना बसणारा डांबरट थर.

अप्पा काम करतो ते डॅम्परवर, म्हणजे हवेच्या झडपेवर. लोखंडी दांडा, वर खाचांची पट्टी. खाचा झिजलेल्या, म्हणून त्यानं खडूनं आपल्या खुणा केल्यात. लाकूड टाकण्यापूर्वी वरची हवा एक खूण वाढवायची, दार उघडायचं, थोडं टाकायचं, लगेच बंद. मग भिंगाच्या भोकातून बघत राहायचं. ज्वाळ आळसावलेली, लालभडक, टोकाला काजळी सोडणारी असेल तर हवा कमी. आखूड, पांढुरकी, फडफडणारी असेल तर जास्त. पिवळी-केशरी, वर जाता जाता विरणारी असेल तर हात दांड्यावरून काढायचा.

तेवढ्यात दाबाच्या घड्याळाचा काटा घसरला. तिकडं रंगाईची तीन जेट मशीनं एकदम चालू झाली होती. पॉलिएस्टर १३० अंशांवर रंगतं, आणि तिथवर पोचायला मशीन वाफ ओढतं. पोरानं घाईनं पाच-सहा ओंडके एकदम कोंबले. धुराडं काळं झालं. वीस मिनिटांनी मशीनं तापली, वाफेची मागणी पडली, काटा चढला, म्हणून डॅम्पर मिटवला. भट्टीत भरलेलं लाकूड आता हवेवाचून धुमसायला लागलं. धुराडं पुन्हा काळं. अमेरिकेत घराबाहेर ठेवायच्या लाकडी बॉयलरांवरही मुख्य आक्षेप हाच: पाणी तापलं की हवा बंद, आणि रात्रभर धुमसणं. तिथं २०१५ साली केंद्रीय नियम करून त्यांच्या धुरावर मर्यादा घातली. इथं अप्पा पोराला नुसतं म्हणाला, “थोडं थोडं, वारंवार.”

आणि शेजारचं स्वच्छ धुराडं? अप्पा हसला. त्या मिलीत त्यानं काम केलंय. डॅम्पर सताड उघडे. धूर दिसत नाही, कारण हवा गरजेच्या कितीतरी पट. किलोभर कोरड्या लाकडाला हिशेबानं सहा किलो हवा पुरते. व्यवहारात दीडपट द्यावी, म्हणजे धुरातला प्राणवायू सात टक्क्यांच्या आसपास राहतो. तोच चौदा टक्के भरला तर हवा तिप्पट जाते आहे असं समजायचं. ही जादा हवा गार येते, भट्टीत तापते आणि ती उष्णता घेऊन आकाशात जाते. शिवाय धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की बॉयलरची कार्यक्षमता साधारण एक टक्क्यानं उतरते, हा ऊर्जा तपासनिसांचा नेहमीचा ठोकताळा. काळा धूर निदान डोळ्यांना दिसतो. ही चोरी दिसतही नाही.

सुरतेत २०१९ पासून गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं धुरातल्या कणांचा बाजार चालवला आहे. धुराड्यात यंत्र बसतं, कण किलोनं मोजले जातात, आणि ज्याचे कमी त्यानं उरलेला परवाना विकायचा. कणांसाठी असा बाजार जगात पहिलाच मानला जातो. तीनशेहून अधिक कारखान्यांवर झालेल्या अभ्यासात उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. चांगलंच झालं. पण ते यंत्र कण मोजतं, वाया गेलेली उष्णता मोजत नाही. ती मोजायला धुरातला प्राणवायू दाखवणारं छोटं मीटर पुरतं. अप्पाच्या खोलीत ते नव्हतं. भिंतीवर त्याचं अटेंडंटचं प्रमाणपत्र होतं, बॉयलर फुटू नये म्हणून केलेल्या कायद्याखालचं. पाणी, दाब, सेफ्टी व्हॉल्व्ह यांची जबाबदारी त्याची. धूर काळा झाला की बोलणीही त्यालाच.

संध्याकाळी लाकडाचा ट्रक आला. सालीवर अजून हिरवा ओलावा. दोन महिने सावलीत, वारा लागेल असं रचून ठेवलं तर त्यातलं बरंच पाणी आपोआप गेलं असतं. पण जागा नाही आणि रोजचं लाकूड रोज लागतं. ट्रक काट्यावर चढला, पावती फाटली. अप्पानं ती पाहुण्यासमोर धरली. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, दर. ओलाव्याचा रकाना त्यात नव्हता.