उतारावरचें घर

घर बांधणें हा मोठ्या माणसांचा विषय, शाळेच्या वार्षिकांत त्याचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु आमच्या कोंकणांत सपाट जमीन थोडी व डोंगरउतार फार. आज ह्या शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींपैकीं पुष्कळांस पुढेंमागें उतारावरच घर बांधावें लागेल. आणि कित्येकांचे आईबाप आजच त्या विचारांत असतील. ह्या कामीं जी भूमिति व जें पदार्थविज्ञान लागतें, तें हायस्कुलाच्या अभ्यासाबाहेरचें नाहीं. म्हणून आमच्या स्वतःच्या घराच्या हकीकतीचा आधार घेऊन तो विषय येथें मांडीत आहें.

आमची जमीन रस्त्यालगत ४० फूट रुंद व डोंगराच्या बाजूस ६० फूट लांब. रस्ता खालीं, पश्चिमेस. डोंगर मागें, पूर्वेस. रस्त्यापेक्षां मागची हद्द १२ फुटांनीं उंच आहे. म्हणजे दर पांच फुटांस एक फूट चढ. ज्या गृहस्थांकडून आम्हीं प्रथम नकाशा करविला, त्यांचा सल्ला सरळ होता. जेसीबी लावून सबंध जमीन एका पातळीस आणावी, पुढें ऐसपैस अंगण ठेवावें, आणि घर अगदीं मागें डोंगराच्या कुशीस घ्यावें. माझ्या आईचे गुडघे अधू झालेले. तिला रस्त्याचा गोंगाट नको म्हणून तिची खोली सर्वांत मागें दाखविली होती. मुलांस खेळावयास अंगण मिळणार म्हणून तीं खूष होतीं. नकाशा आम्हां सर्वांस आवडला. पैशांची जुळवाजुळव झाली नाहीं, म्हणून काम एक वर्ष लांबलें, एवढेंच.

आमच्या शेजारच्या कुटुंबानें मात्र तशाच नकाशाप्रमाणें त्या वर्षीं एप्रिलांत जमीन तोडली. पावसाळ्यापूर्वीं भिंती छपरापर्यंत आल्या. जुलैच्या एका रात्रीं मागची उभी तोडलेली बाजू खालीं आली, मागची भिंत फुटली, आणि मागच्या खोलींत कमरेइतका चिखल भरला. घरावर छप्पर नव्हतें, म्हणून कोणी राहावयास आलें नव्हतें. त्यामुळें कोणास इजा झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं आमचा नकाशा पुन्हां काढून पाहिला. तीच खोली आमच्या नकाशांत आईची होती.

असें कां व्हावें? डोंगराचा उतार कित्येक वर्षें जागच्या जागीं उभा असतो, तो वरच्या मातीस खालच्या मातीचा टेका असतो म्हणून. आपण पायथा तोडतों तेव्हां हा टेकाच काढून घेतों. उन्हाळ्यांत कोरडी माती कांहीं काळ उभी राहते आणि आपणांस वाटतें कीं सर्व ठीक आहे. पाऊस लागला कीं मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी भरतें. त्यानें मातीचें वजन वाढतें, आणि कणाकणांमधील जें घर्षण तिला धरून ठेवितें, तें कमी होतें. वजन वाढलें, पकड सुटली व टेका नाहीं, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या कीं दरड कोसळते. आपल्याकडे वर कठीण जांभा व त्याच्या खालीं मऊ चिकण माती, अशी जमीन पुष्कळ ठिकाणीं असते. तेथें तर वरचा दगड पाहून फसावयास होतें. भार वरच्या दगडाचा असला, तरी घसरते ती खालची माती.

आतां थोडें गणित करूं. ६० फूट लांबींत १२ फूट चढ असलेली जमीन एकाच पातळीस आणावयाची, तर मागच्या अर्ध्या भागांतील माती तोडून ती पुढच्या अर्ध्या भागांत भरावी लागते. मागें ६ फुटांची उभी दरड तयार होते व पुढें ६ फुटांचा भराव. तोडीचा छेद म्हणजे ३० फूट पायाचा व ६ फूट उंचीचा त्रिकोण. त्याचें क्षेत्रफळ ९० चौरस फूट. त्यास ४० फूट रुंदीनें गुणिलें असतां ३६०० घनफूट होतात. एक घनफूट माती सुमारें ५० किलो धरली, तर हें ओझें १८० टन भरतें.

हीच जमीन वीस-वीस फुटांच्या तीन टप्प्यांत विभागा, आणि सर्वांत वरच्या टप्प्यास मुळींच हात न लावतां खालचे दोनच सपाट करा. प्रत्येक टप्प्यांत चढ ४ फूट. म्हणून २ फूट तोड व २ फूट भराव. त्रिकोणाचा पाया १० फूट, उंची २ फूट, क्षेत्रफळ १० चौरस फूट. दोन्ही टप्प्यांची मिळून तोड ८०० घनफूट, म्हणजे ४० टन. पहिल्या बेतांतील मातीचा चौथा हिस्साही नव्हे! शिवाय ती थोपविणाऱ्या भिंतीही लहान. मातीचा रेटा भिंतीच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दोन फुटांच्या भिंतीवर जो रेटा येतो, त्याच्या नऊपट सहा फुटांच्या भिंतीवर येतो. दोन उंच भिंतींऐवजीं आम्हांस पुढें दोन फुटांची, मध्यें चार फुटांची व मागें दोन फुटांची, अशा तीन ठेंगण्या भिंती पुरल्या.

हा चढ मोजण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. एक लांब पारदर्शक नळी घ्या व तींत बुडबुडा राहूं न देतां पाणी भरा. नळीचीं दोन टोंकें दोन सारख्या काठ्यांस उभीं बांधा. एक काठी खालीं, दुसरी वर, अशा उभ्या केल्या असतां दोन्ही टोंकांतील पाणी एकाच पातळीस राहतें. जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची दोन्ही काठ्यांवर मोजून एकींतून दुसरी वजा करावी, कीं त्या दोन जागांतील चढ मिळाला. आपले गवंडी हें नित्य करितात. आम्हीं रविवारच्या दुपारीं मुलांकडून सबंध जमीन अशी मोजून घेतली.

जमीन समजल्यावर प्रश्न आला माणसांचा. टप्प्याटप्प्यांचें घर म्हणजे पायऱ्या आल्या. आणि गुडघे धरून चालणाऱ्या आईचें काय? अंगण गेलें म्हणून मुलें हिरमुसलीं होतीं; तेव्हां आईच म्हणाली, “मला अंगण नको अन् माडी नको. मला आपल्या पायांनीं न्हाणीपर्यंत अन् चुलीपर्यंत जातां आलें, म्हणजे झालें.” त्या एका वाक्यानें आमचा नकाशा ठरला. घरांतील सर्वांत अशक्त माणसास दिवसभरांत जेथें जेथें जावें लागतें, त्या सर्व जागा एका पातळीवर असाव्या. पायऱ्या चढावयाच्या त्या धडधाकट माणसांनीं.

म्हणून खालच्या टप्प्यावर पडवी, बसण्याची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर व आईची खोली आली. त्याच्यामागें चार फूट उंच टप्प्यावर आमच्या व मुलांच्या निजण्याच्या दोन खोल्या आल्या. दोहोंमध्यें सात पायऱ्यांचा जिना आहे. प्रत्येक पायरी सात इंचांहून किंचित् कमी. खालच्या घराची जमीन रस्त्यापासून तीन फूट उंच आहे. बारा फुटांस एक फूट, याहून उभी चढण म्हाताऱ्या माणसास किंवा चाकांच्या खुर्चीस झेपत नाहीं. म्हणून तीन फुटांस ३६ फूट चढण व मध्यें चार फुटांची विसाव्याची सपाट जागा, असे ४० फूट लागले. आमच्या जमिनीची रुंदीही नेमकी तितकीच. कुंपणाच्या आंतून ती चढण कशीबशी मावली. आईसाठीं एका बाजूस हातानें धरावयास कठडा केला.

घर लांबट ठेवून त्याची लांब बाजू डोंगराशीं समांतर घेतली. उताराच्या दिशेनें लांब घर घेतलें, तर तोड व भराव दोन्ही वाढतात. पाऊस व दुपारचें ऊन पश्चिमेकडून येतें, म्हणून त्या अंगास पडवी व पुढें आलेलीं छपराचीं पाखीं. मागें डोंगराकडील ठेंगणी भिंत व घराची भिंत ह्यांमध्यें तीन फूट मोकळी जागा सोडली. घराच्या भिंतीस माती टेकूं दिली, तर ओल आयुष्यभर जात नाहीं. आणि मध्यें माणूस जाण्याइतकी वाट नसेल, तर तुंबलेला पाला काढणार कोण? मधली चार फुटांची भिंत मात्र घराच्या पोटांतच येते. ह्या नकाशांतील नाजूक जागा तीच. तिच्यालगत बिछाना किंवा धान्य न ठेवतां जिना व अडगळीची खोली घेतली.

पायाविषयीं एक गोष्ट विसरूं नये. भराव कितीही चोपला, तरी तो कांहीं वर्षें दबतच राहतो. घराचा एक भाग मूळ जमिनीवर व दुसरा भरावावर उभा केला, तर भरावावरचा भाग खालीं बसतो व मध्यें भिंतींस तडे जातात. आमच्या शेजाऱ्यांच्या पुढच्या पडवीचें तेंच झालें. म्हणून पाया भराव ओलांडून खालच्या मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्यावा; पुढच्या बाजूस त्यासाठीं खर्च अधिक येतो, पण तो टाळूं नये.

राहिला पाण्याचा प्रश्न. उतारावरच्या घराचा खरा पाहुणा पाणीच. त्याची वाट आधीं आंखावी, खोल्या मागून. आमच्या छपराचें क्षेत्रफळ सुमारें १००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस कोंकणांत नवलाचा नव्हे. तेवढ्यानें एकट्या छपरावरून ९३०० लिटर पाणी उतरतें. रत्नागिरीकडे वर्षाकाठीं सरासरीनें ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या हिशेबानें हें पाणी पावणेतीन लाख लिटरांच्या वर जातें. डोंगरावरून येणारें निराळेंच. म्हणून हद्दीच्या वरच्या अंगास एक चर खणून वरचें पाणी घराच्या बगलेनें वळवून मूळच्या ओढ्यास सोडलें. जमिनींतून जाणारी पाण्याची जुनी वाट कोरडी दिसते म्हणून बुजवूं नये. ती जूनमध्यें आपली जागा परत मागते. माती थोपविणाऱ्या भिंतींच्या मागें दगडगोट्यांचा थर घातला. पुढच्या व मागच्या भिंतींस निचऱ्याचीं भोंकें ठेविलीं. मधल्या भिंतीमागचें पाणी नळीनें घराबाहेर काढलें. पाणी अडलें, तर भिंतीस मातीबरोबर पाण्याचाही रेटा सोसावा लागतो. संडासाचा शोषखड्डा अशा भिंतीच्या वर कधीं घेऊं नये, आणि विहिरीच्या खालच्या अंगास, तिच्यापासून निदान ५० फुटांवर घ्यावा.

वरचा तिसरा टप्पा जसा होता तसाच ठेविला आहे. तेथें वाळ्याच्या आडव्या रांगा लाविल्या. वाळ्याचीं मुळें पसरत नाहींत, तीं सरळ खोल जातात व माती शिवून टाकतात. जुनीं झाडें तोडलीं नाहींत.

परंतु एवढी काळजी घेतली म्हणजे कोणत्याही डोंगराखालीं घर बांधावें, असा अर्थ कोणी घेऊं नये. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं डोंगर आला व दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. महाडनजीक तळिये येथें २२ जुलै २०२१ रोजीं ऐंशींहून अधिक, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी मातीखालीं गेली. तेवढ्या मोठ्या उतारापुढें घराचा कोणताही नकाशा चालत नाहीं; तेथें जागा बदलणें हेंच शहाणपण. जमिनीस नव्या भेगा पडणें, झाडें किंवा विजेचे खांब कलणें, नवा झरा फुटून गढूळ पाणी येणें, दारें एकाएकीं घट्ट बसणें, हीं चिन्हें दिसतांच भर पावसांत सामानाचा मोह न धरितां घराबाहेर पडावें व शेजाऱ्यांसही हांक मारावी.

आमच्या घरास आतां कांहीं पावसाळे झाले. मुलें अजून अंगणासाठीं कुरकुरतात. खेळावयास त्यांस शाळेच्या मैदानावर यावें लागतें. शेजाऱ्यांनींही पुढें मागची खोली पाडून तेथें मोकळी जागा व चर केला, आणि तीं सुखानें राहतात. जुलैंत रात्रीं पाऊस धरला म्हणजे मी एकदां उठून कंदील घेऊन मागचा चर पाहून येतों. परत येतांना आईच्या दारावरून यावें लागतें. ती निजलेली असते.

विद्यार्थी मित्रहो, ह्या सुट्टींत पाण्याची नळी घेऊन आपल्या घरामागचा चढ मोजा, आणि पहिल्या पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें जातें तें छत्री घेऊन उभे राहून पाहा. पालकांस विनंति एवढीच कीं, नवें घर काढावयाचें असेल तर एक पावसाळा जमीन तशीच राहूं द्यावी व तीवरचें पाणी पाहावें. यंत्र बोलाविण्यास नंतरही वेळ असतो.