चौघं जेवायला बसले, ते उठलेच नाहीत

एक वैमानिक, एक न्यायाधीश, एक टीव्हीवाला आणि एक हॉटेलमालक. चार जिवलग मित्र पॅरिसमधल्या जुन्या बंगल्यात जमतात आणि ठरवतात, जीव जाईस्तोवर खायचं! इटालियन दिग्दर्शक मार्को फेरेरीचा ‘ला ग्रांद बूफ’ (१९७३) एवढ्याच कल्पनेवर उभा आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही तो अंगावर येतो.

पात्रांची नावं? नटांचीच! मार्चेल्लो मास्त्रोयान्नी पडद्यावरही मार्चेल्लो. उगो तोन्यात्सी, मिशेल पिकोली, फिलिप न्वारे यांचंही तेच. लाडके नट स्वतःच्या नावाने मरताना बघणं प्रेक्षकांना किती जड गेलं असेल!

ताटातलं अन्न खरं. ते यायचं ‘फोशाँ’ या पॅरिसच्या नामांकित दुकानातून. तोन्यात्सी प्रत्यक्षातही पट्टीचा स्वयंपाकी, १९७४ मध्ये त्याचं पाककृतींचं पुस्तकही आलं. सिनेमात मुदपाकखाना त्याच्याच ताब्यात असतो, आणि तीन प्रकारच्या कलेजीचा घुमटाएवढा ऐवज रिचवता रिचवता तो तिथल्याच टेबलावर प्राण सोडतो. मार्चेल्लो बर्फात, बुगाटी गाडीत गोठून जातो. मधुमेही फिलिपचा शेवटचा घास गोडाचा.

आंद्रेआ फेरेओलने साकारलेली शाळामास्तरीण मात्र चौघांच्या बरोबरीने खाते आणि जगते. प्रत्येकाला ती मायेने भरवते, शेवटपर्यंत सोबत करते. मला हीच भूमिका सगळ्यात अवघड वाटते. फेरेओलने त्यासाठी वजनही भरपूर वाढवलं होतं.

कान महोत्सवात हुर्यो उडाली. ज्युरीच्या अध्यक्ष इंग्रिड बर्गमन यांना सिनेमा अजिबात रुचला नाही. तरी आंतरराष्ट्रीय समीक्षकांचं पारितोषिक त्याने पटकावलंच, ज्याँ युस्ताशच्या सिनेमासोबत विभागून.

पण हे चौघं मरतात कशासाठी? कर्ज नाही, प्रेमभंग नाही, चिठ्ठी नाही. फेरेरी कारण सांगतच नाही. पोट भरलेलं, खिसा भरलेला, तरी जगावंसं वाटत नाही, हे तो नुसतं दाखवत राहतो. उपभोगाच्या हव्यासावर इतका निर्दय सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्याच वर्षी फेरेरीने याच चौघांना घेऊन काउबॉयपट काढला. चित्रीकरणाची जागा? पॅरिसची जुनी मंडई पाडून पडलेला प्रचंड खड्डा. हीच ती ले आल मंडई, जिला एमिल झोलाने १८७३ मध्ये ‘पॅरिसचं पोट’ म्हटलं होतं.