खडकवासला ते अंतराळ, आणि परत ओझरला!

अंतराळातून भारत कसा दिसतो, या इंदिरा गांधींच्या प्रश्नाला अंतराळवीर राकेश शर्मांनी दिलेलं ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही, म्हणून आज ही पोस्ट.

शर्मा मूळचे पतियाळाचे, पण १९६६ साली दाखल झाले ते आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत. १९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवलं. ३ एप्रिल १९८४ ला बायकोनूरहून सोयुझ टी-११ मधून निघाले आणि सॅल्यूत-७ स्थानकावर पोहोचले. तिथं भारताची छायाचित्रं घेतली, वजनरहित अवस्थेत योगासनं केली. सोबत म्हैसूरच्या प्रयोगशाळेनं बनवलेला रव्याचा हलवाही होता! (आपला शिराच की तो.) ११ एप्रिलला परतले.

मला खरी भावते ती नंतरची गोष्ट. इतकी प्रसिद्धी मिळूनही गडी खुर्चीत बसला नाही. १९८७ मध्ये विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) आले आणि नाशिकजवळच्या ओझरला १९९२ पर्यंत मुख्य चाचणी वैमानिक होते. निवृत्तीनंतर कुन्नूरला शांतपणे राहायला गेले.

त्यांच्यानंतर अंतराळात गेलेले भारतीय वायुदलाचे पुढचे वैमानिक शुभांशु शुक्ला, २०२५ मध्ये. तेही एनडीएचेच!