पत्त्यातला पत्ता

कार्यालयांच्या संकेतस्थळांवरील जुने दुवे कालांतराने निकामी होतात. ते तपासणारी छोटी सेवा उभारावयाची झाल्यास २००९ साली आलेले नोड आणि त्यावरील एक्स्प्रेस ही सामग्री सोयीची पडते. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविण्याची ही रीत आता रूढ झाली आहे. सेवेच्या पत्त्यात 'तपासणी' या शब्दापुढे तिरकी रेघ देऊन जे लिहिले जाईल, ते एक्स्प्रेस मार्गातील घटक म्हणून आज्ञावलीच्या हाती देते. क्रमांक किंवा गावाचे नाव असेल तर काहीच अडत नाही. परंतु तेथे दुसरा संपूर्ण वेबपत्ताच ठेवला, की घोटाळ्यास आरंभ होतो.

कारण उघड आहे. मार्गातील घटक पुढच्या तिरक्या रेघेपाशी संपतो आणि वेबपत्त्यात तर आरंभीच अशा दोन रेघा असतात. मार्ग जुळत नाही व 'सापडले नाही' अशा अर्थाचे ४०४ हे उत्तर मिळते. ही चूक निदान दिसते तरी! रेघांसह सर्व काही स्वीकारणारा मार्ग योजल्यास मात्र फसगत न कळत होते. आतील पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा मजकूर बाहेरील पत्त्याचा समजून वेगळा काढला जातो, '#' या चिन्हापुढचा तर ब्राउझर पाठवीतच नाही. सेवा भलतेच पान उघडून पाहते आणि दुवा ठीक असल्याचा निर्वाळा देते.

यावर उपाय म्हणजे आतील पत्ता पाकिटात घालून पाठविणे. जावास्क्रिप्टमधील 'एन्कोड यूआरआय कंपोनंट' हे कार्य विशेष चिन्हांचे टक्केचिन्हयुक्त संकेतांत रूपांतर करते. नावात 'कंपोनंट' नसलेले त्याचे भावंड तिरकी रेघ व प्रश्नचिन्ह तशीच सोडते, म्हणून ते येथे निरुपयोगी. देवनागरी अक्षरांचेही असेच रूपांतर होते. 'पुणे' या शब्दातील मात्रा-उकार धरून चार चिन्हे होतात, प्रत्येकास नऊ अक्षरे, म्हणजे एकूण ३६. पाकीट उघडण्याचे काम एक्स्प्रेस स्वतः एकदा करते. आज्ञावलीने ते पुन्हा उघडू नये, अन्यथा आतील पत्त्याचे मूळचे संकेतही उलगडून त्याचा अर्थ बदलतो.

तरीही एक अडचण उरते. अपाची हा सर्व्हर मूळ मांडणीनुसार संकेतबद्ध तिरकी रेघ असलेला मार्ग नाकारतो. त्यामुळे आतील पत्ता मार्गात न ठेवता प्रश्नचिन्हानंतरच्या भागात ठेवणे, हाच आमच्या मते शहाणपणाचा मार्ग होय. रूपांतर तेथेही हवेच.

खरा धोका याच्याही पुढचा आहे. सेवा दिलेला पत्ता स्वतः उघडते, म्हणून कोणीही तिला कार्यालयाच्या अंतर्गत यंत्रणेचा पत्ता देऊन बाहेरून न दिसणारी माहिती काढून घेऊ शकतो. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेतील २०१९ च्या माहितीचोरीत अशाच युक्तीचा उपयोग झाला. तेथील सुमारे १० कोटी लोकांची माहिती त्यात गेली. म्हणून आलेला पत्ता 'यूआरएल' या अंगभूत साधनाने सोडवून त्यातील यजमान-नाव मान्य नावांच्या यादीशी ताडावे. नुसता आरंभ पाहणे पुरेसे नाही, कारण '@' या चिन्हापूर्वी ओळखीचे नाव लिहून कोणासही चकविता येते. आणि उघडलेले पान दुसरीकडे वळवीत असेल, तर त्या नव्या पत्त्याचीही हीच तपासणी व्हावयास हवी.