बॉनेटवरचं नाकाड

१९६८ साली क्रायस्लर कंपनीने ‘डॉज डार्ट’ या साध्यासुध्या, घरगुती वळणाच्या गाडीत आपलं ‘हेमी’ नावाचं राक्षसी इंजिन बसवलं. अशा ऐंशीएक गाड्या निघाल्या, त्याही फक्त शर्यतीसाठी. जुळवाजुळवीचं काम हर्स्ट या कंपनीकडे होतं. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात आली तेव्हा तिला रंगच नव्हता. पत्र्यावर करडा प्रायमर आणि पुढचे मडगार्ड व बॉनेट फायबरचे, साच्यातून निघाले तसे, वरच्या काळ्या रेझिनच्या थरात, म्हणजे जेलकोटमध्ये. बॉनेटवर बाहेरची हवा आत घेणारा भलामोठा स्कूप. रंग ज्याचा त्याने लावून घ्यायचा. शर्यतवाल्यांना हे चालणारंच होतं, कारण प्रत्येकाला आपल्या पसंतीचा रंग हवा असायचा. पण ज्याने एकदा तरी फायबरला रंग दिला आहे, त्याला कंपनीच्या या निर्णयात थोडा धूर्तपणाही दिसेल. सगळ्यात किचकट काम तिने अलगद दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं होतं.

बॉनेटवर हे नाकाड हवंच कशाला? त्या काळच्या अमेरिकी व्ही-आठ इंजिनात कार्ब्युरेटर अगदी माथ्यावर, बॉनेटच्या लगत असे. आतली हवा तापलेली. हवा तीन अंशांनी थंड झाली की साधारण एक टक्क्याने दाट होते. बॉनेटखाली ६५ अंश आणि बाहेर ३० अंश असतील, तर बाहेरची हवा अकरा-बारा टक्के दाट भरते. तेवढा प्राणवायू जास्त आणि तेवढं पेट्रोल जास्त जाळता येतं. हा सगळा फायदा चाकांपर्यंत पोचत नाही, पण जो पोचतो तो शर्यतीत पुरेसा असतो. पॉन्टिअॅकने बाहेरची हवा घेणाऱ्या आपल्या योजनेला ‘रॅम एअर’ असं दणदणीत नाव दिलं; जणू वेगामुळे हवा इंजिनात ठासून भरली जाते. हिशेब मांडला तर ताशी १६० किलोमीटरलाही या ठासण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का निघतो. काम थंडाव्याचं आणि श्रेय वेगाला, असा हा प्रकार.

शिवाय बॉनेटला चिकटून वाहणारी हवा मंद असते, त्यामुळे बुटका स्कूप बराचसा शोभेचाच. शेव्हरलेने १९७०च्या शेव्हेलमध्ये स्कूपचं तोंडच उलटं, समोरच्या काचेकडे केलं, कारण काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब वाढतो. १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओवरचे दोन स्कूप तर चक्क बुजलेले होते. स्कूप उघडण्याचं साहित्य पुढच्या वर्षीच्या गाडीसाठी वेगळं विकलं गेलं. आपल्याकडे पुढाऱ्यांच्या ताफ्यात दिसणाऱ्या जुन्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचं भोक मात्र खरं होतं. त्याखाली डिझेल इंजिनाचा इंटरकूलर असे.

फायबर आलं ते पैशांच्या हिशेबातून. पोलादी पत्रा दाबून आकार द्यायला लागणारे साचे प्रचंड महाग, ते लाखभर गाड्यांवरच परवडतात. शंभर-दोनशे नगांसाठी काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन बरं, वजनही कमी. १९५३ची पहिली कॉर्व्हेट फायबरच्या अंगाची होती. त्या वर्षी तीनशेच गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या. फोर्डच्या १९६४च्या ‘थंडरबोल्ट’लाही फुगीर फायबरचं बॉनेट होतं.

आज जुन्या गाडीसाठी नवा स्कूप मागवला, तर येतो तो अशाच साच्यातून निघालेला तुकडा. दिसायला चकचकीत, आणि ती चकाकीच फसवी. साच्याला चिकटू नये म्हणून लावलेलं मेण अजून अंगावर असतं. उत्साही माणूस लगेच पॉलिश पेपर हाती घेतो आणि तिथेच घोळ होतो, कारण घासल्यावर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. मग पुढे रंग मारताना ठिकठिकाणी तो आकसून गोल खळगे पडतात, ज्यांना पेंटर ‘फिशआय’ म्हणतात. म्हणून आधी साबण आणि गरम पाणी. मग मेण-तेल काढणारं द्रावण एका फडक्याने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. एकाच फडक्याने काम केलं तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं.

त्यानंतरही रंगाचा विचार नको. आधी तुकडा बॉनेटवर ठेवून पाहायचा. हाताने थापलेलं फायबर थोडं वाकडं असायचंच. १९६३ची फायबरची स्टुडबेकर अवांती बाजारात उशिरा पोचली, त्यामागे अंगाचे भाग एकमेकांत नीट न बसणं हे मोठं कारण होतं. कारखान्याची ही गत, तर आपल्या अंगणात काय होणार! कड उचललेली असेल तर खालून घासून बसवावी. बोल्ट आवळून ओढून बसवलेला स्कूप काही महिन्यांनी बोल्टाभोवती चांदणीसारखा तडकतो. भोकंही बोल्टापेक्षा किंचित मोठी ठेवावी.

मग येतं उन्हाचं काम. नवं फायबर कोवळं असतं. रेझिन आतून आवळत राहतं, त्यातला स्टायरीन हळूहळू उडत असतो. कोवळ्या फायबरवर रंग दिला, तर पुढच्या उन्हाळ्यात खालच्या तंतूंची जाळी रंगातून वर उमटते. तेव्हा जे आवळायचं ते रंगाआधीच आवळू द्यावं, तुकडा काही दिवस उन्हात तापवावा. याच तापण्यात जेलकोटखाली अडकलेले हवेचे बुडबुडेही उघडे पडतात. ते दाभणाने फोडायचे, कडा मोकळ्या करायच्या आणि लांबी (पुट्टी) भरायची. प्रायमरचे जाड हात मारून छिद्रं बुजतील अशी आशा सगळे करतात, पण प्रायमर छिद्राच्या काठावरून घसरतो आणि छिद्र तसंच राहतं.

आता कुठे घासणं. १८० नंबरच्या पेपरने चकाकी मारायची, पण जेलकोट फोडून तंतूंपर्यंत जायचं नाही. त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर भरीव टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा, प्रायमर. मग काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करून लांब ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पेपरने घासत जायचं. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खोलगट जागी तो टिकून राहतो, आणि हाताला न कळलेली लाट डोळ्याला दिसते. ३२०, ४००, ६००, शेवटी वॉटर पेपर. स्कूपच्या ओठाची कड आणि आतली वळणं मात्र बोटांनीच. तिथे ठोकळा शिरत नाही, आणि प्रायमर घासला जाऊन फायबर उघडं पडतं तेही नेमकं तिथेच.

या धुळीत काचेचे कण असतात. अंगाला दिवसभर खाज सुटते, पण ते तुलनेने किरकोळ. टू-के रंगाच्या हार्डनरमधले आयसोसायनेट जास्त घातक, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. फवारणी करताना बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा हवा. नाकाला रुमाल बांधून हे काम करणारे पेंटर आपल्या गल्लोगल्ली दिसतात, आणि त्याला कौशल्य म्हणण्याची आपली सवय मला भयंकर वाटते.

खरा वाद मात्र जोडाचा आहे. स्कूप पोलादी बॉनेटमधूनच उगवल्यासारखा दिसावा, अशी बहुतेक मालकांची हौस असते. मग जोडावर लांबी थापून, घासून तो नाहीसा केला जातो. पण उष्णतेने पोलाद जेवढं पसरतं, त्याच्या दुपटीहून जास्त पॉलिएस्टर फायबर पसरतं. इंजिन तापून बॉनेट ५० अंशांनी चढलं, की मीटरभर लांबीच्या जोडावर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची तफावत पडते. दिसायला क्षुल्लक, पण रोजची. काही मोसमांत रंगावर जोडाचीच रेघ उमटते. माझं मत सरळ आहे : स्कूप वेगळा रंगवावा, खाली पातळ गॅस्केट द्यावं, बोल्टांनी बसवावा आणि फट दिसली तर दिसू द्यावी.

नाहीतर प्लिमथने केलं तसं सगळं बॉनेटच फायबरचं घ्यावं. १९६९च्या मध्यावर ‘रोड रनर’ गाडी ४४० घनइंची इंजिन, तीन होली कार्ब्युरेटर आणि ३९० अश्वशक्ती घेऊन आली. तिच्या स्कूपसकट एकसंध बॉनेटला बिजागऱ्याच नव्हत्या. चार खिट्ट्या काढायच्या आणि दोघांनी मिळून ते उचलून बाजूला ठेवायचं. रंग काळा, बिनचकाकीचा. या रंगात प्रतिबिंब पडत नाही, त्यामुळे फायबरच्या लाटा झाकल्या जातात. मात्र पेंटरला दुसरी संधी नाही. चकचकीत रंगात धुळीचा कण बसला तर घासून पॉलिश करता येतं. इथे पॉलिश केलं की तेवढाच डाग चमकू लागतो, आणि सगळं बॉनेट पुन्हा रंगवावं लागतं.

आता एवढी मेहनत घेऊन आरशासारखा केलेला स्कूप अस्सल म्हणायचा का? अमेरिकेत १९७४पासून कॉर्व्हेटच्या जीर्णोद्धारकांची एक राष्ट्रीय संस्था आहे. तिचे परीक्षक गाडी किती सुंदर आहे हे बघत नाहीत, कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी आहे का हे बघतात. त्या काळच्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असे, फायबरचे जोड कुठेकुठे जाणवत. ते सगळं पुसून टाकणाऱ्याचे गुण कापले जातात. त्यामुळे आठवडेच्या आठवडे लाटा घालवणाऱ्या पेंटरला शेवटच्या हातात जुना खडबडीतपणा मुद्दाम आणावा लागतो. मला यात विनोदही दिसतो आणि न्यायही.

निदान आतली बाजू तरी सोडावी. हाताने थापलेल्या फायबरला गुळगुळीत बाजू एकच, साच्याकडची. दुसरीकडे तंतू, रेझिनचे ओघळ, कधी रोलरच्या खुणा. हल्ली काहीजण तिथेही लांबी भरून चकचकीत रंग देतात आणि प्रदर्शनात बॉनेट उलटं करून मांडतात. तिथे रेझिनला झाकण्यापुरता काळ्याचा एक हात पुरे.